पेनाचं टोपण

माझे वडील मागेल त्याला पेन देतात, टोपण मात्र देत नाहीत. बँकेत, पोस्टात, लग्नाच्या मांडवात कुणीही "सर, जरा पेन" म्हटलं की ते खिशातला शाईचा पेन काढतात, टोपण फिरवून डाव्या मुठीत ठेवतात आणि उघडा पेन समोरच्याच्या हाती देतात. बिनटोपणाचा पेन कुणाला खिशाला लावता येत नाही. लावलाच तर सदऱ्याचं वाटोळं होतं. त्यामुळे पेन हमखास परत येतो. लातूरकडच्या त्यांच्या पिढीतल्या बऱ्याच मास्तरांची ही रीत होती. बाकीच्यांची हळूहळू सुटली, बाबांची सुटली नाही.

शाळेत असताना मला या प्रकाराचा राग यायचा. एकदा मी तोंडावर म्हटलं, "बाबा, लोकांवर एवढा काय अविश्वास?"

"अविश्वास न्हाई माय," ते म्हणाले. "माणूस इसरभोळा असतो. माझ्या हातात टोपण असलं की मला ध्यान राहतं, त्याच्या हातात उघडा पेन असला की त्याला ध्यान राहतं. दोघांचंबी काम होतं."

बाबांकडून मला तीन गोष्टी आल्या. नाक, राग आणि शाईचा पेन. मी नांदेडला एका महाविद्यालयात शिकवते. माझ्या बोटांवरचे निळे डाग बघून स्टाफरूममध्ये अधूनमधून कुणीतरी म्हणतंच, "मॅडम, आता तर हजेरीसुद्धा मोबाईलवर घेतात." घेऊ देत. सकाळी चहा उकळायला ठेवायचा आणि तो वर येईपर्यंत पेन भरायचा, हे सुख त्यांना कुठून कळणार? दौतीचं झाकण उघडलं की येणारा तो थोडा आंबूस वास, ड्रॉपरमधून नळीत उतरणारी शाई, शेवटच्या थेंबाला वर येऊन फुटणारा बुडबुडा. मग आट्यांवर जरासं मेण फिरवायचं आणि पेन बंद करायचा. तेवढ्यात चहा उतू जातो, ही गोष्ट वेगळी.

या पेनाची आपली एक तऱ्हा असते आणि ती सांभाळावी लागते. नांदेडच्या उन्हाळ्यात अर्धा भरलेला पेन जवळ ठेवायचा नाही. आतली हवा तापून फुगते आणि शाईला बाहेर ढकलते. एप्रिल-मेमध्ये पेन एकतर काठोकाठ भरलेला हवा, नाहीतर रिकामा. हे शहाणपण मला बऱ्याच पर्सा निळ्या करून आलं. कागदाचंही तसंच. हल्लीच्या वह्यांवर शाई फुटते, अक्षराला मिशा येतात. म्हणून दुकानात वही घेताना मी शेवटच्या पानावर एक रेघ ओढून बघते. दुकानदार तोंड वाकडं करतो, मग मीही करते.

पण खरं सुख सांगायचं तर एवढंच, की या पेनाला दाबावं लागत नाही. निब कागदाला नुसती टेकवायची आणि हात चालवायचा. बाकीचं शाई बघते. हे सुख म्हणजे माझी एक चैन आहे असं मला परवापरवापर्यंत वाटायचं.

मागच्या वर्षी बाबांच्या उजव्या अंगावरून वारं गेलं. ते लातूरला माझ्या भावाकडे राहतात. भावानं आणि वहिनीनं धावपळ केली, औषधं वेळेवर झाली. पाय सावरला, बोलणं सावरलं, हात मागं राहिला. डॉक्टरांनी सांगितलं, रोज लिहायला लावा. भावानं जाड पकडीचा बॉलपेन आणून दिला. बॉलपेन दाबायला जोर लागतो आणि जोरच तर गेला होता. कागदावर तुटक तुटक रेघ यायची, कुठंकुठं तर शाई नाहीच, नुसता चर. बाबांनी तो पेन भिरकावला. तो पलंगाच्या कडेपर्यंतसुद्धा गेला नाही, याचं त्यांना जास्त लागलं.

त्यांचा शाईचा पेन वहिनीनं कपाटात ठेवून दिला होता. चादरी खराब होतील ही तिची भीती, आणि ती रास्तच होती. धुणं तिलाच पडतं.

त्यांची धडपड बघून एकदा भाऊ मायेनंच म्हणाला, "जाऊ द्या बाबा. आता कुठं सही लागती? सगळीकडं अंगठाच चालतो."

बाबा त्यानंतर दिवसभर कुणाशी बोलले नाहीत.

का बोलले नाहीत ते सांगायला हवं. माझे आजोबा आयुष्यभर दुसऱ्यांच्या रानात राबले. जिथं लिहायची वेळ आली तिथं त्यांनी अंगठा दिला. बाबा शाळेत जाऊ लागले आणि तिथं शिकलेली अक्षरं संध्याकाळी अंगणातल्या मातीत काडीनं काढून आजोबांना शिकवू लागले. आजोबांनी स्वतःच्या नावाखेरीज कधी काही लिहिलं नाही. पण दुष्काळी कामाच्या हजेरीपटावर आमच्या वस्तीतल्या सगळ्या अंगठ्यांमध्ये त्यांची एकट्याची सही होती आणि ही गोष्ट ते मरेपर्यंत आल्यागेल्याला ऐकवत राहिले. आमच्या घरात भिंतीवर जी तसबीर आहे, तिच्यातल्या कोटाच्या खिशाला पेन आहे. आम्ही सगळे त्या पेनाकडं बघत वाढलो. अशा घरात अंगठा लावा म्हणणं कसं झोंबतं ते भावालाही ठाऊक होतं. बिचारा सोय बघून बोलून गेला.

अशातच माझ्या मुलीचं लग्न ठरलं. तिची नोकरी हैदराबादची, मुलगाही तिथलाच. दोघांनी आधीच सांगून टाकलं होतं, थाटमाट नको. सकाळी नोंदणी करायची, दुपारी हॉलमध्ये वंदना आणि जेवण, संपलं. मुलीनं आणखी एक सांगितलं, "माझ्याकडून साक्षीदार म्हणून आबाच सही करतील. दुसरं कुणी नको."

मी लातूरला फोन लावून बाबांना हे सांगितलं. ते म्हणाले, "करतो. पण अंगठा लावणार न्हाई. सही करन. जमलं न्हाई तर वेळेवर दुसरा माणूस बघा."

मी दुसऱ्याच दिवशी लातूरला गेले, त्यांना गाडीत घातलं आणि नांदेडला घेऊन आले. येताना कपाटातला पेनही घेतला.

पेन आतून पार वाळून गेला होता. शाई दगड झालेली. निब आणि तिच्याखालची जीभ काढून मी दिवसभर कोमट पाण्यात ठेवली. पाणी निळं झालं की बदलायचं, पुन्हा निळं झालं की पुन्हा बदलायचं. बाबा खुर्चीत बसून त्या वाटीकडं बघत होते. संध्याकाळी पाणी नितळ राहिलं तेव्हा तेच म्हणाले, "झालं. मोकळी झाली."

निब वहीला टेकवली, हात थरथरत सरकला आणि रेघ आली. वाकडी होती, पण अखंड होती. बाबांनी ती रेघ पुन्हा पुन्हा बघितली. मला टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या, पण ते मास्तर आहेत, असल्या कौतुकाचा त्यांना राग येतो.

रेघ आली तरी अक्षर येईना. याचं कारण शाईचा पेन वापरणाऱ्यालाच समजेल. एकाच माणसानं वर्षानुवर्षं वापरलेली निब त्याच्या हाताच्या कलानं घासते आणि मग तेवढ्याच कलानं चालते. म्हणून तर आमच्याकडं सही करण्यापुरता पेन देतात, पानभर लिहायला देत नाहीत. आता बाबांचं मनगट पूर्वीसारखं वळत नव्हतं. पेन उभा राहायचा आणि निब खरखरायची, मधेच कोरडी पडायची. एकदा त्यांनी पेन खाली ठेवला आणि म्हणाले, "हीबी माझी राहिली न्हाई."

मला रडू आलं. आणि मला रडू आलं की मी भांडते. म्हटलं, "निब तुमचीच आहे. तुमचा हात नाटकं करून राहिलाय. त्याला ऐकवा."

नवी निब बसवू का विचारलं, तर नको. माझा पेन देऊ का, तर तोही नको. दोघंही हट्टी, मग वाट कशी निघणार? ती निघाली चहाच्या कपामुळं. कप ठेवायला टेबलावर जागा नव्हती म्हणून मी वही आडवी सरकवली होती. बाबांनी ती सरळ केलीच नाही, तशाच आडव्या वहीवर लिहायला घेतलं आणि निब एकदम गुळगुळीत चालली. हात वळत नव्हता, कागद वळला होता. तेव्हापासून ते वही आडवी ठेवून खालून वर लिहू लागले. बघणाऱ्याला विचित्र दिसायचं. वही सरळ केली की अक्षरंही सरळ असायची.

रोज सकाळी एक पान. आधी नुसते काने आणि वेलांट्या, मग नातीचं नाव, मग स्वतःचं. बाबांची सही म्हणजे पूर्ण नाव, मुळाक्षरासारखं स्वच्छ. गुंतवळ काढणाऱ्यांची त्यांना चीड आहे. "सहीत माणसाचं नाव वाचता आलं पाहिजे," असं ते शाळेतही सांगायचे. अक्षरं सगळी लिहून झाली की शेवटी वरची रेघ, एका दमात. हीच रेघ आता त्यांचा जीव काढायची. अर्ध्यात हात थांबायचा, शाईचा ठिपका पसरायचा, मग तो कागद चुरगळून खाली. लग्न जवळ आलं तरी रेघ कधी जमायची, कधी जमायची नाही. मी शाई तेवढी बदलली. चौकशी केली होती, नोंदीच्या कागदाला धुऊन जाणारी शाई चालत नाही. म्हणून पक्की निळीकाळी आणली.

नोंदणीच्या कार्यालयात आम्ही वेळेवर पोचलो. मुलगी पांढऱ्या साडीत, बाबा इस्त्रीच्या पांढऱ्या सदऱ्यात, खिशाला पेन. नाव पुकारलं तसे ते काठी टेकत टेबलापाशी गेले. टेबलावरच्या तरुण कारकुनानं एक लहानसं मशीन पुढं सरकवलं आणि म्हणाला, "आजोबा, इथं अंगठा ठेवा."

बाबा माझ्याकडं बघत राहिले. मशीनचं मला माहीत नव्हतं. शाईची चौकशी केली, कागदाची केली, याची केली नाही. त्या क्षणी मला स्वतःचा इतका संताप आला की काय सांगू.

"मी सही करतो," बाबा म्हणाले.

"सही पण हायेच की, नंतर. अंगठा सगळ्यांचाच घेतो. नवरा-नवरीचाबी घेतला." कारकून सरळ मनानं सांगत होता.

"आबा, बघा, मीपण लावला," मुलगी म्हणाली. तिची सासू डॉक्टर आहे. तिनंही आपला अंगठा वर करून दाखवला.

बाबांनी ओठ मिटले आणि अंगठा ठेवला. मशीन लाल झालं. कारकून म्हणाला, जरा दाबा. पुन्हा लाल. मी रुमालानं अंगठा पुसला, पुन्हा ठेवला, पुन्हा लाल. वयानं आणि खडूनं त्यावरच्या रेषा पार झिजून गेल्या होत्या.

"आजोबा, मशीन तुमचा अंगठा घेईना," कारकून म्हणाला.

बाबांचा चेहरा हळूहळू असा खुलला, की आजारपणानंतर मी तो तसा बघितलाच नव्हता. "घेणार न्हाई," ते म्हणाले. "त्यालाबी कळलं. हा अंगठ्याचा माणूस न्हाई."

अख्खं कार्यालय हसलं. कारकुनानं मग दुसरं बोट ठेवायला सांगितलं आणि ते मशीननं घेतलं. बोटाबद्दल बाबांची काही तक्रार नव्हती.

मग कागद आला. बाबांनी पेन काढला, टोपण डाव्या मुठीत घेतलं आणि कागद आडवा केला. "आजोबा, कागद सरळ ठेवा," कारकून म्हणाला. मी भांडायला तोंड उघडणार तोच मुलीनं पुढं होऊन मेंदीच्या हातांनी कागदाचे दोन्ही कोपरे दाबून धरले. "असाच राहू द्या," ती म्हणाली.

बाबा लिहू लागले. एक एक अक्षर करत स्वतःचं नाव, मग त्यांच्या वडिलांचं, मग आडनाव. मागं लोक खोळंबले होते. मग वरची रेघ. ती सुरू झाली, वडिलांच्या नावावर आली आणि हात थांबला. निबेखाली शाई जमायला लागली. मला बघवेना, तरी मी बघत राहिले. बाबांनी श्वास सोडला आणि उरलेली रेघ ओढून टाकली. ती चौकट ओलांडून शेजारच्या साक्षीदाराच्या जागेत गेली.

"चालतंय, आजोबा," कारकून म्हणाला.

मुलगी ओल्या सहीवर फुंकर घालायला वाकली. "फुंकू नको, पसरन," बाबा म्हणाले. मग त्यांनी पेन तिच्या हातात दिला. "आता तू कर." तिनं सही केली, तिच्या नवऱ्यानं केली. कुणीतरी फोटोसाठी हाका मारल्या, आणि तिथून जी गडबड सुरू झाली ती हॉल, वंदना, जेवणं, स्टेशन, हैदराबादची गाडी असं करत संध्याकाळपर्यंत थांबली नाही.

घरी आल्यावर मी बाबांचा सदरा काढून घेतला तेव्हा खिशाला क्लिप दिसत होती. ओढली तर हातात नुसतं टोपण आलं. पेन मुलीबरोबर गेला होता. दिवसभर खिशाला क्लिप दिसत होती, म्हणून मलाही शंका आली नाही आणि त्यांनाही.

मी लगेच स्पीकरवर फोन लावला. गाडीतूनच ती म्हणाली, "मम्मी, पर्समध्ये आहे. पर्स सगळी निळी झाली गं. धुतल्यावर जाईल ना?"

"नाही जाणार. पक्की शाई आहे, मीच आणलेली."

"बरं, मग पोचल्यावर पेन कुरिअर करते."

बाबांनी माझ्या हातातून फोन घेतला. "कुरिअर करू नको. येशील तवा घेऊन ये. टोपण माझ्याजवळ हाय."

मला निबेची काळजी लागली होती. बिनटोपणाची निब वाळणार, पुन्हा दिवसभर वाटीत ठेवावी लागणार. बाबा मात्र निवांत होते. मी विचारलं, "बाबा, खरं सांगा, मुद्दाम ठेवलंत का टोपण?"

"न्हाई माय. इसरलो." थोड्या वेळानं म्हणाले, "बरं झालं इसरलो."

मुलीच्या खोलीचं दार उघडंच होतं. मी आत जाऊन तिचा पलंग आवरला आणि पोटभर रडून घेतलं.

पुढं बाबांनी लातूरला जायचा धोशा लावला. मी राहा म्हणत होते. घर रिकामं झालं होतं, आणि सकाळचं ते आडव्या वहीवरचं पान मला सवयीचं झालं होतं. शिवाय एक भीती होती, ती मी कुणाला बोलून दाखवली नाही. वारं एकदा येऊन गेलं म्हणजे घर ओळखतं.

"लई दिस झाले," ते म्हणाले. "आता हात चालून राहिला. तिकडं लिहितो रोज."

भाऊ गाडी घेऊन आला. बॅग ठेवली, औषधाची पिशवी ठेवली. बाबा पुढच्या सीटवर बसले आणि काच खाली करून म्हणाले, "अगं, पेन? ती येईस्तोवर मी काय काडीनं लिहू? तुझा दे."

मी आत जाऊन माझा काळा पेन काठोकाठ भरून आणला. हात पुढं केला. त्यांनी पेन घेतला, बघितला, मग माझ्याकडं बघितलं.

"टोपण?"

ते माझ्या डाव्या मुठीत होतं. कधी काढलं ते मलाच कळलं नव्हतं. पण द्यावंसं वाटेना.

"टोपण राहू द्या माझ्याजवळ," मी म्हणाले.

"निब वाळन की."

"वाळू द्या. महिन्याभरात या. मी धुऊन देते."

भावाला काही उमगलं नाही. तो म्हणाला, "अगं दे ना ताई, गाडीच्या सीटा खराब होतील."

बाबांनी खिशातून रुमाल काढला, डाव्या हातानं निबेभोवती गुंडाळला आणि पेन मांडीवर धरला. खिशाला नातीकडं गेलेल्या पेनाचं टोपण होतंच. मग म्हणाले, "येतो."

आमच्याकडं निघताना जातो म्हणत नाहीत, येतोच म्हणतात. तरी मी त्यांच्याकडून ते पुन्हा एकदा म्हणवून घेतलं. गाडी वळली आणि मी मूठ मिटून फाटकात उभी राहिले.